शेवटी आला तो कोण?

युरोपातल्या एका गावचे नगराध्यक्ष होते लेओपोल्डसाहेब. नकाशात गाव शोधू नका, मलाही सापडलं नाही. निर्वासितांना ठेवावं की घालवावं यावरून गावात रोज भांडणं व्हायची, म्हणून साहेबांनी सभा बोलावली आणि जाहीर केलं, “गाव भरलं. आता जो शेवटी आला, तो आधी बाहेर.”

यादीत शेवटचं नाव सीरियातून आलेल्या नजीबा सुईणीचं होतं. ती उभी राहिली.

“साहेब, नियम सगळ्यांना?”

“सगळ्यांना. माझ्या घरच्यांनासुद्धा,” साहेबांनी छाती फुगवली.

“मग माझा नंबर दुसरा. माझ्यानंतर मंगळवारी एकजण आलाय. कागदपत्रं नाहीत, भाषा येत नाही, कामधंदा नाही, अंगावर कपडासुद्धा नव्हता. मीच त्याला ओढून आणला.”

“नाव सांग त्याचं. आत्ता हाकलतो.”

“नाव रविवारी चर्चमध्ये ठेवणार आहेत, साहेब. नातू तुमचा.”

सभेत हशा पिकला. पहिल्या रांगेतून साहेबांची बायको म्हणाली, “लेओपोल्ड, खाली बस. धाकट्या सुनेला सातवा लागलाय. नजीबा कुठेही जाणार नाही.”

साहेब बसले, आणि नियमही त्यांच्या मांडीखाली गेला.