मागचा बाक

“पण सर, सगळ्यांनी तिचंच नाव का लिहिलं?”

अनघा सरपोतदारने पुन्हा तेच विचारलं. उत्तराची घाई मोहोळकर सरांनी नोकरीत असतानाही कधी केली नव्हती.

अनघा त्यांची लाडकी विद्यार्थिनी. आता ती स्वतःच कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवत होती आणि सतराव्या शतकातल्या जर्मन गावांनी चेटकीण ठरवून जाळलेल्या बायकांवर प्रबंध लिहीत होती. हुशार होती, आणि ते तिला चांगलंच ठाऊक होतं.

वर्गात तिने तसा खटला भरवला होता. गावावर गारपीट झाली, गाई मेल्या. आपल्यातली चेटकीण कोण, चिठ्ठीवर लिहा! सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव निघालं. रेवती तांडेल. मागच्या बाकावरची, अबोल. वर्ग खो खो हसला. प्राचार्यांनी अनघाचं कौतुक केलं.

“आता तिच्या बाकावर कुणी बसत नाही, सर. खेळ होता म्हणून किती समजावलं. पोरी तिच्या डब्यातलं खाईनात. आज ती आलीच नाही... मला फार भीती वाटतेय.”

सरांनी आपली खुर्ची थोडी मागे ओढली.

“पोरं चिठ्ठ्या लिहीत होती, तेव्हा तू कुठे बघत होतीस?”

“मी? समोर.”

“समोर कुठे?”

“मागच्या बाकाकडे,” अनघा पुटपुटली.

सर उठले. खुर्ची पार भिंतीपाशी नेली आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

“सर?”

ते भिंतीकडेच बघत राहिले.

इतक्या वर्षांत सरांनी तिच्याकडे कधी पाठ फिरवली नव्हती.

“सर, बोला ना. माझं काय चुकलं?”

“तीही घरी हेच विचारत असेल.”

“मी काय करू?” अनघाने विचारलं.

“तिच्या घरी जा. तिला घेऊन ये. आणि वर्गात तिच्या शेजारी बस. तिथूनच शिकव.”

“त्या बाकावर? सर, पोरं माझ्यावरच उलटतील. स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू होईल. माझ्याशीही कुणी...”

ती मध्येच थांबली.

“तुझ्या प्रबंधात एक पाद्री आहे ना?” सरांनी विचारलं. “बाई निर्दोष आहे हे त्याला माहीत होतं. तरी तोंड उघडलं नाही त्याने. काय म्हटलंयस त्याला?”

“भेकड,” अनघा म्हणाली. तो शब्द लिहिताना तिला केवढा अभिमान वाटला होता!

सरांनी खुर्ची वळवली. तिच्याकडे बघितलं.

“तिच्या शेजारी बसून ये. तोवर त्या पाद्र्याला काही म्हणू नकोस.”