कुंकवाखालची चीर

अवजारांना अजून वाचा होती, त्या काळी शंभूअण्णांच्या सायकल-दुकानात दोन चाके शेजारी टांगलेली होती. एक नवे, पण साधे ॲल्युमिनियमचे. दुसरे काळे, तुळतुळीत, महागड्या कार्बनचे; पण वापरलेले, म्हणून तेवढ्याच किमतीचे. काळ्याच्या कडेला केसाएवढी चीर होती. खंडेनवमीच्या पूजेत अण्णांनी नकळत नेमके तिच्यावरच कुंकवाचे बोट ओढले.

दसऱ्याला विश्राम आला. घाटातल्या शर्यतीसाठी त्याला बेताच्या पैशांत पुढचे चाक हवे होते. तो थेट काळ्यापाशी थांबला.

"सांग बाबा त्याला," साधे चाक कुजबुजले.

"म्हणजे मी भंगारात, आणि तू शर्यतीला. कळते हो तुझी कळकळ."

"मलाही नेऊ नको म्हण हवे तर. पण उतारावर त्याचा जीव तुझ्यावर असेल."

"माझ्या अंगावर देवाचे कुंकू आहे. देव राखील."

"अण्णा, हे पुसून पाहू का?" विश्रामने विचारले.

"पूजेचे कुंकू पुसतात का रे? फिरवून बघ. दोष असला तर चाक करकरते."

विश्रामने चाक फिरवले. काळ्याने साऱ्या तारा आवळून धरल्या आणि आपली करकर गिळली. सौदा झाला.

घाटातून विश्राम परतला नाही. चाकाचे दोन तुकडे तेवढे दुकानात आले. अण्णांनी बोटाने कडेवरचे कुंकू पुसले. वरचे निघाले; मोडलेल्या जागी आत उतरलेले निघेना. म्हणजे चीर पूजेआधीचीच होती. अंगावर देवाचे कुंकू घेऊनच ते चाक भंगारात गेले.