धुळाच्या वयाची घोडी

जंगल संपून जिथे गवताचे माळ सुरू होतात, अशा एका पठारावरच्या धनगरवाड्यात एक करडी घोडी राहत असे. बाळांनो, सावकाश ऐका, घाई काही नाही. ज्या सकाळी ही घोडी जन्मली, त्याच सकाळी तिच्या धन्याच्या घरी मुलगा झाला. त्याचे नाव धुळा. घरच्यांनी दोघांना जुळेच मानले. दर दसऱ्याला धुळाला ओवाळून झाले की त्याच ताटातली हळद घोडीच्या कपाळाला लागे. धुळाची आई म्हणे, "ही माझी दोन लेकरं. एकाच वयाची."

असे करता करता चोवीस वर्षे झाली. धुळा उंचापुरा गडी झाला, त्याचे लग्न झाले, घरात तान्ही लेक आली. दरवर्षी दिवाळी सरली की त्यांचे बिऱ्हाड मेंढरे घेऊन घाट उतरत असे आणि चार महिने कोकणात राही. बिऱ्हाड म्हणजे सगळा संसारच की. तो सगळा घोडीच्या पाठीवर चढे: भांडी, पीठ, घोंगड्या, तंबूचे कापड, वाटेत जन्मलेली कोकरे. घोडी पुढे चाले आणि ती जिथे पाय ठेवील तिथेच मागची मेंढरे पाय ठेवीत. त्या वर्षी या ओझ्यावर आणखी एक ओझे होते. धुळाची तीन महिन्यांची लेक घोंगडीच्या झोळीत गुंडाळून घोडीच्या पाठीला बांधली होती.

घाटाच्या तोंडाशी एक झरा आहे. तिथे सगळे पाणी प्यायला थांबले. घोडीने पाण्याला तोंड लावले, पण तिचे पुढचे गुडघे लटलट कापत होते. ते पाहून शिंगे उडवीत मेंढा म्हणाला, "काय बाई नखरे! पुढे चालायचा मान हवा, आणि ओझं मात्र नको!"

तांड्यातला म्हातारा कुत्रा घोडीजवळ येऊन बसला. तो हळूच म्हणाला, "अगं, मी अकरा वर्षांचा. धुळा मला म्हातारबा म्हणतो, भाकरी दुधात कुस्करून देतो. तू चोवीस वर्षांची. तुझं काय झालंय ते त्याला सांगत का नाहीस?"

"त्याला वाटतं आम्ही जुळी आहोत," घोडी म्हणाली. "मी म्हातारी झाले म्हटलं, तर त्याची बहीण त्याच्यापासून तुटेल. या खेपेला नेते कशीबशी."

"आणि पाठीवरचं लेकरू?" कुत्र्याने विचारले.

तेवढ्यात धुळाने हाक दिली आणि घोडी चालू लागली.

निम्म्या घाटात एक अरुंद वळण येते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि मध्ये दगडाची उंच पायरी. घोडीने पायरीवरून पाय खाली सोडला. गुडघा वाकला तो सरळ होईना. पाठीवर झोळी हलली, लेक रडू लागली. घोडीने सगळा जोर लावून पाय मागे घेतला आणि ती जागच्या जागी थांबली. मागची मेंढरेही थांबली.

धुळाची बायको ठकू ओरडली, "अहो, आधी पोरीला घ्या!"

पण धुळाला राग आला होता. तो म्हणाला, "चल गं! माझ्याएवढीच तर आहेस. मी खांद्यावर दोन कोकरं घेऊन चाललोय, मी दमलो का?" आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिच्यावर काठी उगारली.

तेव्हा घोडी बोलली. "मार, पण आधी ऐक. आपण एकाच सकाळी निघालो, धुळा, पण माझी चाल वेगळी. तुला मान सावरत नव्हती तेव्हा मी माळावर धावत होते. तू बोबडं बोलत होतास तेव्हा माझ्या पाठीवर पहिलं ओझं चढलं. तुझे दुधाचे दात पडत होते तेव्हा मी भर उमेदीत होते. तुला मिसरूड फुटलं तेव्हा माझं निम्मं आयुष्य सरलं होतं. आज तू तरणा आहेस, आणि मी तुझ्या आजीच्या वयाची आहे. माझा जीव गेला तर जाऊ दे. तुझी लेक माझ्या पाठीवर आहे, म्हणून थांबले."

धुळाने उगारलेली काठी न मारताच खाली घेतली. त्याने घोडीचा ओठ वर केला. दात लांब होऊन पुढे झुकले होते, झिजून गुळगुळीत झाले होते. बाजारात परक्याचे जनावर तो दात पाहिल्याशिवाय कधी घेत नसे. हिचे दात मात्र त्याने कधी पाहिले नव्हते, कारण हिचे वय आपल्याला ठाऊक आहे असे त्याला वाटे.

आधी त्याने लेक सोडून ठकूच्या हाती दिली. मग एकेक गाठ सोडली. भांडी त्याने घेतली, घोंगड्या मागून येणाऱ्या त्याच्या भावांनी घेतल्या, तंबूचे कापड दोघांनी मिळून उचलले. घोडी रिकाम्या पाठीने ती पायरी उतरली. धुळा तिच्या मानेला हात लावून, तिच्याच चालीने, सगळ्यांच्या मागून चालत राहिला.

कोकणात तिने तीन महिने हिरवे गवत खाल्ले. माघ सरता सरता एका दुपारी ती आंब्याखाली बसली, ती पुन्हा उठली नाही. धुळा खड्डा खणत होता. गावातली एक बाई तिथे थांबली. "केवढी होती रे?" तिने विचारले.

"माझ्याच दिवशी जन्मली होती."

"अगं बाई! म्हणजे तरणीच गेली की!"

धुळाने कुदळ बाजूला ठेवली. "नाही काकी," तो म्हणाला, "म्हातारी होऊन गेली. तरणा मी होतो. मला वाटलं, तीही आहे."

तात्पर्य एवढेच, बाळांनो : जन्माचा दिवस एक असला तरी सगळ्यांचे आयुष्य एका चालीने सरत नाही, म्हणून कुणाच्या पाठीवर ओझे ठेवताना आपले वय मोजू नये, त्याचे दमणे पाहावे.