फळीखालच्या चपला

“पण पेशंट वाढवायचे कसे, आबा?”

हा प्रश्न अगदी याच शब्दांत विचारला गेला. देवाशपथ. पुढचंही सगळं खरं, कारण मी समोरच्या बाकावर बसून ऐकत होतो.

म्हणजे, मी नव्हतो. बाकावर मांजर होतं. पण मांजराला खोटं बोलून काय मिळणार?

तर विचारणारा होता डॉक्टर पराग थोरवे. मणक्याचा डॉक्टर. परदेशी जाऊन कायरोप्रॅक्टिक शिकून आलेला; औषध नाही, सुई नाही, नुसत्या हातांनी मणके जागेवर बसवणारा. शहरात त्याचा काचेचा, थंडगार दवाखाना होता.

आणि विचारलं होतं हाडवैद्य आबा इंगवल्यांना. मिसरूड फुटायच्या वयात पराग याच आबांकडे हाड चाचपायला शिकला होता. कृष्णाकाठच्या गावात आबांची पत्र्याची एक खोली, कोपऱ्यात शेकायची वाळू तापवायला चूल, आणि मधोमध सागवानाची जाड फळी. फळीला डोक्याकडे तोंडापुरतं भोक. पालथं झोपायचं, तोंड भोकात घालायचं आणि पाठ आबांच्या हवाली करायची.

एके काळी खोलीबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची. एकदा तर म्हणे गाडीचा बैलच आत शिरला आणि मान सरळ करून घेऊन गेला. हे आबांचं सांगणं. माझ्या माथी मारू नका.

आता वैशाखातली दुपार होती. बाकावर मांजर होतं.

“तुला काय कमी आहे?” आबांनी विचारलं.

“काहीच नाही. टोकनचं मशीन आहे. आदल्या दिवशी पेशंटला मोबाइलवर आठवण जाते. वाढदिवसाला शुभेच्छा जातात.”

“तू पाठवतोस?”

“मशीन पाठवतं.”

“आणि मशीनचा वाढदिवस कधी असतो?”

पराग हसला नाही. “तीन टेबलं आहेत, आबा. मधे पडदे. एकावर पेशंटला शेक चालू, दुसऱ्यावर माझे हात, तिसऱ्यावरचा उठून शर्टाची बटणं लावतोय. मी नुसता फिरत राहतो. एक मिनिट वाया जात नाही.”

“मग वाचलेल्या मिनिटांचं काय करतोस? घरी कोण असतं?”

“बायको गेली. म्हणजे, आहे. पुण्यात, तिच्या घरी. माझ्या घरी फ्रिज असतो. मधूनमधून आवाज करतो.”

मांजरानं कूस बदलली.

“लोक येतात, आबा. दुखणं थांबतं. मोबाइलवर पाचातले पाच तारे देतात. आणि पुन्हा फिरकत नाहीत.”

“दुखणं थांबल्यावर कशाला फिरकतील, लेका?”

“दुसरं दुखणं निघतंच की! ते घेऊन दुसरीकडे जातात. टेबलं रिकामी पडायला लागलीत. दिवाळीपर्यंत हे असंच राहिलं तर मी दवाखाना बंद करणार. कुठल्यातरी हॉस्पिटलात पगारावर लागेन. दारावर दुसऱ्याचं नाव.”

“आमच्या इथले तर सगळे तुझ्याकडंच गेले,” आबा म्हणाले. “माझ्याकडं नाहीत, तुझ्याकडं नाहीत. मग गेले कुठं?”

दोघांनी दाराबाहेर पाहिलं. रस्त्यावर ऊन होतं. दुसरं काही नव्हतं.

“मान का वळत नाही रे तुझी?”

दाराकडे बघताना परागनं कमरेपासून सगळं अंग फिरवलं होतं, कपाट सरकवावं तसं.

“उशी बदलली. त्यामुळे.”

“कधी बदललीस?”

“… दोन वर्षं झाली.”

“झोप.”

“मी?”

“मग काय मी झोपू? स्वतःच्या टेबलावर कधी पालथा पडलास?”

“मी कशाला पडू? टेबल पेशंटसाठी आहे.”

“झोप, पराग्या.”

परागनं शर्ट काढला, बूट काढले आणि फळीवर पालथा झाला. तोंड भोकात गेलं. सागवानाला तोच जुना वास होता, तेलाचा आणि लोकांच्या घामाचा. पाठीवर हात टेकला. ऊबदार, जड. दिवसभर लोकांच्या पाठींवर हात ठेवणाऱ्या परागला आठवेना, की आपल्या पाठीवर शेवटचा हात कुणी ठेवला होता.

“काय दिसतं?” वरून आवाज आला.

“जमीन. आणि तुमच्या चपलांची टोकं.”

“तुझ्या पेशंटला काय दिसतं?”

“माझे बूट.”

“किती वेळ?”

आबांनी पुन्हा विचारलं नाही. चपलांची टोकं भोकाकडे तोंड करून तिथंच होती. डाव्या टोकाची शिवण लाल दोऱ्यानं घातलेली होती. पाठीवरची ऊब होती तिथंच होती. मग परागच बोलू लागला, हळूहळू, चपलांकडे बघत.

“एक बाई यायच्या, आबा. निवृत्त मुख्याध्यापिका. पालथ्या झोपल्या की बोलायला लागायच्या. त्या दिवशी मुलाचं काहीतरी सांगत होत्या. मी शेक लावला आणि पलीकडच्या पडद्यात गेलो. परत आलो, तर त्या बोलतच होत्या. मी ‘हं’ म्हटलं. जसा काही मी तिथंच होतो.”

चपला हलल्या नाहीत.

“त्या बोलायच्या थांबल्या. उठल्या. पदर सारखा केला. ‘थँक्यू, डॉक्टर’ म्हणाल्या. पुन्हा आल्या नाहीत… मुलाचं काय झालं, ते मला अजून माहीत नाही. विचारावंसं वाटलं होतं. पण विचारलं असतं, तर मी नव्हतो हे त्यांना कळलं असतं.”

एकदा तोंड उघडलं, ते मिटेना. पुण्याचं निघालं. कुणाची चूक होती ते निघालं, मग कुणाचीच नव्हती असं निघालं. घरी जेवताना घास गिळल्याचा आवाज ऐकू येतो, म्हणून तो दवाखान्यातच काउंटरमागे बसून डबा खातो, हेही निघालं.

“गेल्या महिन्यात माझा वाढदिवस झाला, आबा. मशीनमध्ये माझाही नंबर आहे. मशीननं मला शुभेच्छा पाठवल्या.”

…

“मी उत्तर लिहिलं.”

भोकातून खाली जमिनीवर दोन-तीन थेंब पडले. घाम असेल. वैशाख होता.

चपला ऐकत होत्या. अशा तऱ्हेनं ऐकणारं माणूस परागला कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. मधे तोंड घालत नव्हतं, घड्याळ बघत नव्हतं, ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणत नव्हतं.

“मी काय करू, आबा?”

…

“आबा?”

…

“नुसतं हं तरी म्हणा.”

त्यानं डोकं उचललं.

खोलीत कुणी नव्हतं. फळीखाली चपला होत्या, जोडीनं, टोकं भोकाकडे करून. नुसत्या चपला. तो उठला तशी पाठीवरून तापल्या वाळूची तळहाताएवढी पुरचुंडी घसरली आणि धप्पकन खाली पडली.

अंगणातून आबा येत होते. अनवाणी. दोन्ही हातांत चहाचे पेले, आणि तापलेल्या फरशीवर या पायावरून त्या पायावर उड्या. वयाच्या मानानं उड्या चांगल्या होत्या.

परागनं गर्रकन मान वळवली. दोन वर्षं न वळलेली मान वळली. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही, इतका तो भडकला होता.

“कधी गेलात तुम्ही?”

“तू त्या कुठल्या बाईंचं काढलंस तेव्हा. म्हटलं, पोरगं लांबण लावणार, तर चहा तरी सांगावा. शेजारीण झोपली होती, तिला उठवण्यात वेळ गेला.”

“म्हणजे काहीच ऐकलं नाहीत?”

“काय म्हणत होतास?”

परागनं तोंड उघडलं. पण ते सगळं दुसऱ्यांदा बाहेर येईना.

“एवढं बोललो मी! आजवर कुणापाशी बोललो नव्हतो, आबा! आणि तुम्ही इथं नव्हतातच!”

आबांनी पेले फळीवर ठेवले. एक पाय उचलून तळवा बघितला. लालभडक झाला होता.

यावर ते जे बोलले, त्यानंतर बोलण्यासारखं काही उरत नाही. म्हणून माझी कबुली आधीच उरकून घेतो. या गोष्टीत खोटं एकच आहे, ते म्हणजे मांजर. बाक रिकामा होता. त्या दिवशी कुणी आलं नव्हतं, आदल्या दिवशीही कुणी आलं नव्हतं. सांगताना तो बाक तसाच रिकामा ठेवायचं जिवावर आलं. आधी मी स्वतः बसून पाहिलं, ते पटेना. मग मांजर बसवलं. बाकी चपला खऱ्या, वाळू खरी आणि मान वळली तीही खरी.

तर पराग ओरडत होता, तुम्ही इथं नव्हतातच म्हणून.

आबांनी फळीखाली पाय घातला. अंगठ्यानं एक चप्पल ओढली, मग दुसरी. दोन्हींत पाय सारले.

“नव्हतो,” ते म्हणाले. “पण माझ्या चपला तरी थांबल्या होत्या.”