मचूळ पाण्याचं पाप

फार वर्षांपूर्वी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एक ख्रिस्ती गाव होतं. फार वर्षांपूर्वी म्हणजे नेमकं कधी, ते विचारू नका. गावात मोटारी नुकत्याच आल्या होत्या, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

गावाच्या मधोमध चर्च होतं आणि चर्चला लागून बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं मोठं तळं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरायचं. भोवतालच्या विहिरींना वर्षभर गोडं पाणी असायचं, आणि त्या पाण्यावर वाड्यांतल्या पानवेली, केळी आणि मोगरा पोसला जायचा.

चर्चचे फादर मनाने फार चांगले. कुणी आजारी पडलं तर निरोप पोचायच्या आत ते दारात उभे. भांडलेल्या भावांना एका पंगतीत जेवायला बसवायचे. त्यांच्यात खोड एकच होती. कुणाला ‘नाही’ म्हणणं त्यांना जमत नसे.

गावात मोटारी वाढल्या, तसे लोक रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मोटारीनेच येऊ लागले. घर पलीकडच्या आळीत असलं तरी मोटार हवीच. आत फादर शांतीवर प्रवचन द्यायचे आणि बाहेर मोटार लावायच्या जागेवरून भोंगे वाजायचे.

चर्च कमिटीचे प्रमुख बस्त्यावभाऊ एके दिवशी म्हणाले, “फादर, बावखल बुजवून टाकू. मोटारींना जागा होईल, मच्छरही जातील. चर्चच्या सणाच्या आधी काम झालं तर बिशपसाहेबांच्या हातून उद्घाटन करू.”

सगळ्यांना ते पटलं. फादरांनी रविवारी वेदीवरून घोषणा केली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जमीन मोजायला आलेल्या इंजिनियरने मात्र फादरांना बाजूला घेतलं. “फादर, या तळ्याचं पाणी जमिनीत मुरतं, म्हणून समुद्राचं खारं पाणी लांब राहतं. हे बुजवलंत तर विहिरी मचूळ होतील.”

पण बिशपसाहेबांना आमंत्रण गेलं होतं, मंडप ठरला होता. आता माघार घेतली तर लोक काय म्हणतील? “बघू,” ते म्हणाले. आणि इंजिनियरचं बोलणं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

बावखल बुजलं. सण थाटात झाला. मोटारी ओळीने उभ्या राहिल्या.

मग उन्हाळा आला आणि विहिरींचं पाणी जिभेला खारट लागू लागलं. पानवेलींची पानं कडेने करपली. पास्कू तुस्कानोची पानाची वाडी तर साऱ्या गावात नावाजलेली. ती त्याच्या डोळ्यांदेखत वाळून गेली.

“समुद्रच पुढे सरकतोय, त्याला कोण काय करणार?” बस्त्यावभाऊ सांगू लागले. लोकांनी गोड्या पाण्यासाठी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू केली. फादर पुढे उभे राहून ती म्हणू लागले. त्यांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला.

एका शनिवारी म्हातारी कोन्सूबाय पापनिवेदनाला आली. जाळीपलीकडे गुडघे टेकून ती म्हणाली, “फादर, माझी विहीर बिघडली. देव माझ्यावर रागावलाय. मी काहीतरी मोठं पाप केलं असणार, पण आठवत नाही. सुनेबद्दल शेजारणीकडे वाईट बोलले. तुमच्या प्रवचनात डुलक्या काढते. पण एवढ्यासाठी देव विहीर खारट करील का? दुसरं काय केलं असेल मी, तुम्हीच सांगा.”

फादर कसेबसे म्हणाले, “बाय, विहिरीचं पाप तुमचं नाही.” पाप कुणाचं, हे सांगण्याचा धीर त्यांना झाला नाही.

सोमवारी सकाळीच ते शेजारच्या गावातल्या एका वृद्ध धर्मगुरूंकडे गेले. त्यांच्यापुढे गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते.

“देव क्षमा करतो,” तो म्हणाला. “त्याच्या नावाने मीही करतो. पण पाणी देवाचं गेलं नाही, लोकांचं गेलं. त्यांना कधी सांगणार?”

फादर परतले, त्यांनी कमिटी बोलावली आणि इंजिनियरचं बोलणं सांगून म्हणाले की हे रविवारी लोकांनाही सांगणार. बस्त्यावभाऊ घाबरले. “फादर, असं काही करू नका. चर्चचं नाव जाईल. लोकांचा विश्वास उडेल.”

“लोक देव रागावलाय समजून नोव्हेना करतायत, बस्त्याव. आपलं नाव राखायला आपण देवाचं नाव खराब केलं.”

त्या रविवारी प्रवचनाच्या वेळी फादर वेदीवरून खाली उतरले आणि लोकांच्या पुढ्यात उभे राहिले. “बावखल बुजवलं तर विहिरी मचूळ होतील, असं इंजिनियरने मला आधीच सांगितलं होतं. मी ते तुमच्यापासून लपवलं. चूक माझी आहे. मला क्षमा करा.”

मग पास्कू उठला. “माझी वाडी गेली, फादर. तुमच्या माफीने ती परत येत नाही.”

“नाही येत,” फादर म्हणाले.

पास्कू निघून गेला. त्यानंतर तो चर्चची पायरी चढला नाही.

मिस्सेनंतर कोन्सूबायने फादरांना गाठलं. “मग मी सुनेबद्दल बोलले, ते पाप की नाही?”

“ते पापच, बाय.”

“बरं,” ती जरा हिरमुसून म्हणाली. “मला वाटलं, तेही तुमच्यावर गेलं.”

बावखल पुन्हा खणायचं ठरलं. बस्त्यावभाऊ काही दिवस रुसून बसले, मग स्वतःच खणायचं मशीन घेऊन आले. मोटारी बाजाराच्या मैदानात उभ्या राहू लागल्या आणि लोक आधी कुरकुरत, मग हळूहळू गप्पा मारत, चालत मिस्सेला येऊ लागले. कमिटीची बैठक त्या वर्षापासून बंद खोलीत न होता अंगणात होऊ लागली. कुणीही यावं, काहीही विचारावं. बैठका लांबल्या, चहा जास्त लागू लागला, पण कुणी कुणापासून काही लपवेना.

पाणी मात्र लगेच सुधारलं नाही. जमिनीत शिरलेला खार निघायला काही पावसाळे जावे लागले. फादर रोज पास्कूच्या वाडीवरून जायचे आणि पास्कू रोज तोंड फिरवायचा.

एका सकाळी त्याने तोंड फिरवलं नाही. विहिरीतून तांब्याभर पाणी काढून त्याने फादरांपुढे धरलं. “प्या. कसं आहे, सांगा.”

फादर प्यायले. पास्कू त्यांच्याकडे टक लावून बघत होता. ‘गोड आहे’ म्हटलं असतं तर दोघांनाही बरं वाटलं असतं.

“अजून थोडं मचूळ आहे, पास्कू.”

“आहे,” पास्कू म्हणाला. त्याने ओटीवरची खुर्ची पुसली आणि पुढे सरकवली. “बसा.”

म्हणून लहानांनी आणि मोठ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: देवापुढे कबूल केलेली चूक माफ होते, पण ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यापुढे कबूल केल्याशिवाय ती भरून निघत नाही.