हशासाठी सोडलेली जागा

“...पण मी थांबलो होतो का? एवढंच कळलं तरी पुरे. मोक्षबिक्ष मला काही नको.”

अक्का पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कुठं थांबला होता?”

“चर्चमध्ये. बायकोच्या अंत्यविधीला.”

“तिथं सगळेच थांबतात की.”

क्लिफर्ड हेब्डन गोंधळला. गोंधळलेला चेहरा करण्याचे इंग्लंडच्या टीव्हीने त्याला वर्षानुवर्षं पैसे दिले होते. आज तो चेहरा फुकटात झाला होता, आणि बघायला फक्त अक्का होत्या. त्याही शेंगांकडे बघत होत्या.

अक्का पूर्वी साताऱ्यात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. आता कृष्णाकाठच्या या लहानशा मठात राहत. लोक त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येत आणि बहुधा भाजी निवडून परत जात. लीड्समध्ये हेब्डनच्या बायकोवर उपचार करणारे डॉक्टर बर्गे याच गावचे. ती गेल्यावर हेब्डनने जेवणखाण सोडल्यासारखं केलं, तेव्हा तेच म्हणाले होते, एकदा आमच्या अक्कांना भेटून या. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून तो आला होता.

बोलणं अर्थात इंग्रजीत चाललं होतं. पण अक्कांचं इंग्रजी मुलींना दटावून दटावून तयार झालेलं, त्यामुळे मराठीत सांगितलं तरी त्याचा नूर बदलत नाही.

“चर्चमध्ये मी चार शब्द बोलायला उभा राहिलो,” हेब्डन म्हणाला. “एका वाक्याला लोक हसले. आणि माझी मुलगी हॅरिएट म्हणते, बाबा, तुम्ही हशासाठी थांबलात. आईची शवपेटी समोर असताना थांबलात. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“मला माहीत नाही, अक्का. खरंच माहीत नाही.”

“हं. मग पहिल्यापासून सांगा.”

त्याने खुर्ची पुढे ओढली. पहिल्यापासून सांगणं त्याला आवडायचं. मुलाखतींमधून हे त्याने इतक्यांदा सांगितलं होतं की त्याचे कोपरे घासून गुळगुळीत झाले होते.

“माझे वडील हल नावाच्या बंदरावर मासे उतरवायचे. त्यांनी मला आयुष्यात एकच गोष्ट दिली, मासळीचा वास...”

“हूं,” अक्का म्हणाल्या.

“एकदा मी त्यांच्या मित्रांसमोर त्यांचीच नक्कल केली. मित्र हसले. वडिलांनी मला घराबाहेर काढलं. म्हणजे पहिल्याच प्रयोगाला माझा दौरा सुरू झाला...”

“हूं.”

“मग समुद्रकाठच्या एका नाटकगृहात काम मिळालं. जादूगार आणि शिकवलेला कुत्रा यांच्या मधल्या वेळात लोकांना हसवायचं. कुत्र्याला टाळ्या जास्त पडायच्या. पगारही...”

“हूं. पुढं?”

हेब्डनला जरा लागलं. कुत्र्याचा विनोद आजवर कुठंही फसला नव्हता. राजघराण्यातली माणसंसुद्धा त्याला हसली होती. आणि इथं ही बाई हूं म्हणत होती.

“हे हूं काय आहे?”

“आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यायची रीत आहे. नाहीतर त्याला वाटतं, ऐकणारा झोपला. तुम्ही दर वाक्यानंतर जागा ठेवता. ती मी भरते.”

“ती जागा हुंकारासाठी नाही. हशासाठी आहे.”

“असं होय,” अक्का म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

मग त्याने त्यांना नीट समजावून सांगितलं. यात तो पक्का होता, आणि गुरूला काही शिकवायला मिळतंय म्हणून मनातून खूशही होता. आमच्या मालिका खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायच्या, तो म्हणाला. माणसं बाकांवर बसलेली. विनोद झाला की नटाने थांबायचं. लवकर बोललं तर पुढचं वाक्य हशात बुडतं. उशीर झाला तर सगळं गार पडतं. हसू चढून नुकतं उतरायला लागलं, की त्या क्षणी बोलायचं. नव्या नटांना दिग्दर्शक सांगायचे, हेब्डन कसा थांबतो ते बघा.

“आणि हसू आलंच नाही तर?”

“तर डावी भुवई उचलायची. मग येतंच.”

“हूं,” अक्का म्हणाल्या. नंतर त्यांच्या लक्षात आलं. “चुकून म्हटलं. चालू द्या.”

पुढची गोष्ट तशी सरळ होती. चाळिशी उलटल्यावर त्याला मिस्टर ट्रंबल मिळाला. रेल्वेच्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीतला कारकून. कुणाची छत्री सापडो, कुणाची कवळी सापडो, ट्रंबल ती मालकाला काही केल्या परत देत नसे. सगळा देश त्याच्यावर खूश झाला. मालिका संपली, पण ट्रंबल संपला नाही. हेब्डनने नंतर गंभीर नाटकात म्हातारा राजा केला. राजा रडायला लागला की मागच्या रांगा खिदळायच्या. त्याने डॉक्टरांना सांगितलं, छातीत दुखतंय. डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी नळी लावली.

“मला स्वतःलाच कळेनासं झालं,” तो म्हणाला. “मी बोलतो की तो बोलतो...”

या वेळी अक्कांचे हात थांबले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“चर्चमध्ये काय बोललात ते म्हणून दाखवा. तिथं बोललात तसंच.”

“आत्ता? इथं?”

“मग तुम्ही आलात कशाला?”

तो उठला. कोटाची बटणं लावली. समोर कुंपणावर मठाची धुतलेली घोंगडी वाळत होती, तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. घसा साफ केला.

“मॉरीन गेल्याला आठवडा झाला. परवा घरात तिचा हरवलेला चष्मा सापडला...”

तो थांबला.

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. तेही थांबलं. हेब्डन उभाच होता. जागा मोठी होत चालली. कुणी हसेना, कुणी हूं म्हणेना. एखाद्या नवशिक्याला घाम फुटावा तसा त्याला घाम फुटला.

आणि मग त्याची डावी भुवई वर गेली.

त्याने उचलली नव्हती. आपली आपण गेली. ती गेलेली त्याला समजली, तसा त्याने कपाळावर हात दाबून धरला. पण व्हायचं ते झालं होतं.

“बघितलंत?” तो हलक्या आवाजात म्हणाला.

“बघितलं.”

“म्हणजे मी थांबलो होतो.”

“थांबला होतात.”

“म्हणजे हॅरिएट खरं बोलली.”

“पोरगी खरंच बोलली.”

हेब्डन मटकन खाली बसला. त्याला लाज वाटली. इतक्या लांबून येताना, बर्गेंच्या अक्का नाही म्हणतील अशी आशा त्याने कुठंतरी धरली होती. बायको पेटीत होती आणि आपण हशाची वाट बघत होतो. असल्या माणसाशी कोणती मुलगी बोलेल? आपण मुलगी असतो तर आपणही बोललो नसतो.

अक्कांनी थोड्या शेंगा त्याच्यापुढे सारल्या. तो मुकाट्याने सोलायला लागला. त्याला ते जमत नव्हतं, निम्मे दाणे खाली पडत होते.

“कुणाच्या?” अक्का मध्येच म्हणाल्या.

“काय कुणाच्या?”

“हसण्याची वाट बघत होतात ना? कुणाच्या हसण्याची?”

“लोकांच्या. दुसऱ्या कुणाच्या असणार? लोकांच्याच...”

तो बोलायचा थांबला. या थांबण्यात कसब नव्हतं. पुढचं वाक्य सापडत नव्हतं म्हणून तो थांबला होता.

“लोक नंतर हसायचे,” तो म्हणाला.

अक्का ऐकत होत्या.

“आधी मॉरीन हसायची. प्रत्येक चित्रीकरणाला येऊन डावीकडे बसायची. विनोद तिला पाठ असायचे, घरी मी तिच्यापुढंच घोकायचो. तरी हसायची. तिचं हसू मोठं नव्हतं, लहानसंच. ते ऐकू आलं की मग बाकीचे हसायचे. मला बाकीच्यांचं कधी... मी त्या एका हसण्यासाठीच थांबायचो, अक्का.”

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“चर्चमध्ये मी थांबलो. आणि सगळे हसले. तीच हसली नाही.”

आता तो रडत होता. चेहरा वेडावाकडा झाला होता, आणि त्याला भुवईचीही शुद्ध नव्हती.

अक्कांनी त्याला रडू दिलं. तांब्यातलं पाणी पुढे केलं.

पाणी पिऊन तो पुन्हा गोंधळात पडला. येताना होता त्याहून जास्तच. “पण मग ते काय होतं? दुःख होतं की नट आपलं काम करत होता?”

अक्का खाली पडलेले दाणे वेचत राहिल्या.

“हॅरिएट खरी, मग मी खोटा का?”

अक्कांनी वेचलेले दाणे सुपात टाकले.

“बरं, निदान एक करा,” तो काकुळतीला येऊन म्हणाला. “बर्गे म्हणतात, तुमच्याकडे लोकांच्या सवयी सुटतात. माझी ही थांबायची सवय सोडवा. मी आजच हॅरिएटला फोन करतो. सगळं सांगतो, चष्म्यापासून. पण एका दमात सांगेन. मध्ये कुठं थांबलो की तिला वाटेल, झालं यांचं पुन्हा सुरू.”

अक्कांनी पदरातली टरफलं झटकली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

“फोन करा. पण चष्म्याचं सांगितलंत की थांबा,” त्या म्हणाल्या. “त्याच हसण्यासाठी तीही थांबेल.”