शिवरात्रीची गोळी

एकदा एका वृद्ध गायनशिक्षकांच्या छातीत जिना चढताना कळ येऊ लागली. तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी आकसलेली निघाली आणि तिथे स्टेंट, म्हणजे धातूची बारीक जाळी, बसवायचं ठरलं. त्यांची एक शिष्या होती, लहान मुलीची आई, स्वभावाने काळजीखोर. तिने कागदभर प्रश्न लिहून आणले. काळजी करणाऱ्याला उत्तर मिळालं की पुढे त्या उत्तराचीच काळजी लागते, हे मी अनुभवाने लिहिते आहे.

जाळी बसवून गुरुजी दुसऱ्याच दिवशी घरी आले. "फार दुखलं का हो?" तिने विचारलं.

"मनगटात टोचून बारीक नळी आत घातली, तेवढंच. मी जागाच होतो. नळीतून औषध सोडलं तेव्हा अंगातून ऊब फिरली, रक्तवाहिनीतला छोटा फुगा फुगवला तेव्हा छातीवर क्षणभर दाब आला. तासाभरात सगळं आटोपलं. आता आठवडाभर या हाताने जड उचलायचं नाही, रोज थोडं थोडं चालायचं, आणि रोज सकाळी रक्त पातळ करणारी गोळी."

गोळ्यांची सात कप्प्यांची डबी शिष्येने आपल्याकडे घेतली. रोज सकाळी ती येई आणि त्या दिवसाचा कप्पा उघडून देई.

दहाव्या दिवशी महाशिवरात्र होती. गुरुजींचा त्या दिवशीचा निर्जळी उपवास चाळीस वर्षांचा. आदल्या संध्याकाळी त्यांच्या मनगटावरचा निळा डाग पाहून शिष्येला वाटलं, रक्त फारच पातळ झालंय. त्यात उद्या पाण्याचा थेंब नाही. एका दिवसाने काय बिघडतंय? तिने उद्याची गोळी गुपचूप काढून पर्समध्ये ठेवली. गुरुजींचं व्रत राखल्याचं समाधानही वाटलं.

सकाळी शेजारचे व्यापारी बेल घेऊन आले. त्यांच्यादेखत गुरुजींनी तांब्या उचलला, भांडंभर पाणी ओतलं आणि शिष्येपुढे हात पसरला. "डबी आण."

"अहो गुरुजी, आज? चाळीस वर्षांचं व्रत एका गोळीपायी?" व्यापारी म्हणाले.

 गुरुजी उठले, अंगणात गेले आणि डाव्या हाताने लोटा भरभरून पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर पाणी मारू लागले. चार दिवसांपूर्वी तिला गवंड्याने नवा गिलावा केला होता.

"गुरुजी, तो तर केव्हाच वाळलाय," शिष्या न राहवून म्हणाली.

"हो, दिसतंय तसं. गवंडी मात्र पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा म्हणून सांगून गेलाय. वरून वाळलेला गिलावा आत अजून पक्का व्हायचाय. आज पाणी चुकवलं तर आज काही दिसणार नाही, भेग पुढे पडेल." त्यांनी लोटा खाली ठेवला. "माझ्या आतली जाळी धातूची आहे, शरीराला परकी. तिच्यावर आतलं अस्तर चढायला महिने लागतात. तोवर तिच्यापाशी रक्त गोठू बघतं आणि ही गोळी ते थोपवते. गोळी चुकली नि जाळी बंद झाली, तर देव पुढच्या शिवरात्रीची वाट बघत बसेल. उपवास करू का, हे मी डॉक्टरांना आधीच विचारलंय. खाल्लं नाही तरी चालेल. पाणी आणि गोळी सोडायची नाही, म्हणाले. हा निळा डागही दाखवलाय. विरतो तो. रक्त थांबेना किंवा छातीत पुन्हा कळ आली, तर मात्र अँब्युलन्स बोलवायची, तुझा कागद वाचत बसायचं नाही."

व्यापारी हसले. शिष्या हसली नाही.

"मग? डबी?"

"कप्पा रिकामा आहे, गुरुजी."

 तिने पर्स उघडली आणि गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती भांडंभर पाण्याबरोबर घेतली.

मग तिने लोटा उचलला आणि उरलेली भिंत भिजवली, कोपऱ्यांसकट.

भिंतीला पाणी किती दिवस, हे गवंड्याला विचारावं. गोळी किती दिवस, हे डॉक्टरांना. आपल्याला काय वाटतं, ते त्यानंतर.